पन्नास लाखांची अब्रू आणि दोन इमोजी

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दुपारी बेल वाजली, पोस्टमन, स्पीड पोस्ट, सही करा. मला वाटलं बँकेचं नवीन कार्ड असेल, म्हणून पाकीट फ्रीजवर ठेवलं आणि विसरलो. संध्याकाळी बायकोने फोडलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्मा काढून अगदी शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडे पन्नास लाख आहेत का रे?"

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या वकिलाची नोटीस. मी म्हणे त्यांच्या अशिलाची समाजातली प्रतिष्ठा जाणूनबुजून धुळीस मिळवली, तरी सात दिवसांच्या आत त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर बिनशर्त माफी मागावी आणि ५० लाख रुपये द्यावेत, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही.

आता मी काय लिहिलं होतं ते सांगतो. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, टॉपच्या मजल्यावर. मे महिन्यात टेरेसचं वॉटरप्रूफिंग झालं, ११ लाख ४० हजार, आणि ऑगस्टात तो धो धो पाऊस झाला बघा, त्या १९ तारखेला रात्री साडेबाराला बेडरूमच्या भिंतीतून पाणी खाली आलं, खाली म्हणजे डायरेक्ट कपाटाच्या मागे, आणि मी बादली लावून पलंगावर बसून ग्रुपवर टाईप केलं: "११ लाख ४० हजारांचं वॉटरप्रूफिंग माझ्या बेडरूममध्ये पडतंय. तीन कोटेशन कुठायत? आणि कमिटीत कोणाच्या खिशात किती गेले तेही एकदा सांगून टाका." पुढे दोन हसून रडणाऱ्या इमोजी. मग झोपलो. सकाळी उठून बघतो तर छत्तीस अंगठे आणि बी विंगच्या एका काकांचं "खाई त्याला खवखवे".

बायकोचे मामा कोर्ट नाक्यावर पस्तीस एक वर्षं वकिली करतात. सोमवारी त्यांच्याकडे गेलो. खाली स्टॅम्पवाले, टायपिंगवाले, ॲफिडेव्हिट करून देतो साहेब म्हणत मागे लागणारे, त्यातून जिना चढून वर गेलं की मामांची खोली, पंखा लावला की फायली फडफडतात म्हणून पंखा बंद. मामांनी नोटीस वाचली आणि हसायलाच लागले.

"जावईबापू, ही नोटीस मेलेल्या कलमांची आहे."

झालेलं असं की नोटिशीत आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, ४९९, ५०० आणि आयटी ॲक्टचं ६६ ए असं सगळं ठासून भरलं होतं. आयपीसी १ जुलै २०२४ पासून गेली, आता भारतीय न्याय संहिता, आणि अब्रुनुकसानी तिथे कलम ३५६ मध्ये आहे. मजकूर जवळपास तोच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नवीन एवढंच की समाजसेवाही करायला लावू शकतात. म्हणजे सिद्ध झालंच तर मी कुठेतरी झाडू मारताना दिसेन, आणि त्याचे फोटो त्याच ग्रुपवर येतील.

आणि ६६ ए तर त्याच्याही आधी गेलंय. त्याची गोष्ट आपल्याच बाजूची आहे, लोक विसरलेत. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, आणि पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने लाइक केलं, दोघींना अटक. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा २०१४ ला झाला. त्या बातमीनंतर श्रेया सिंघल नावाची तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ६६ ए रद्द केलं, पूर्णच. कारण काय तर "त्रासदायक", "गैरसोयीचं" असले शब्द एवढे मोघम की कोणालाही उचलता येईल. गंमत म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या लक्षात आणून दिलं गेलं की पोलीस ठाण्यांमध्ये अजून याच कलमाखाली गुन्हे लागतायत, तेव्हा न्यायमूर्तींनीच धक्का बसल्याचं बोलून दाखवलं. तर आमच्या सेक्रेटरींच्या वकिलांना तरी काय नावं ठेवायची.

मी एकदम खूश. म्हणलं मामा, मग नोटीस बाद ना? मामा म्हणाले कलम चुकलं म्हणून गुन्हा बाद होत नाही. मेसेज वाच. मोठ्याने.

वाचला.

"पहिली दोन वाक्यं उत्तम. पाणी पडतंय ही वस्तुस्थिती, कोटेशन कुठायत हा प्रश्न. तिसरं वाक्य तुझं नाही, तुझ्या बादलीचं आहे."

मी म्हणलं अहो मामा कोणाचं नाव कुठे घेतलंय, आणि गंमतीत लिहिलंय, इमोजी आहेत. त्यावर मामांनी कपाटातून जुनी, पानं पिवळी पडलेली आयपीसी काढली आणि ४९९ च्या खालची उदाहरणं दाखवली. १८६० सालची उदाहरणं आहेत ही आणि मी शपथेवर सांगतो इतकी मजेशीर गोष्ट मी कायद्याच्या पुस्तकात कधी वाचली नव्हती. एकजण म्हणतो, "अमुक माणूस फार प्रामाणिक हो, त्याने तमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही", आणि हेतू असा की लोकांना वाटावं यानेच चोरलं. ही बदनामी. दुसऱ्याला विचारलं घड्याळ कोणी चोरलं, तो काही बोलत नाही, फक्त एकाकडे बोट दाखवतो. ही पण बदनामी. तिसरा चित्र काढतो, घड्याळ घेऊन पळणाऱ्या माणसाचं. तीपण. म्हणजे टोमणा, इशारा आणि कार्टून, तिन्हीचा बंदोबस्त व्हॉट्सॲपच्या दीडशे वर्षं आधी करून ठेवलेला. आणि खाली स्पष्टीकरणात सरळ लिहिलंय की उपरोधाने केलेला आरोप हाही आरोपच. बोट दाखवायची इमोजी पाठवणाऱ्यांनी जरा विचार करावा. बी विंगच्या काकांनीसुद्धा, खाई त्याला खवखवे ही म्हण आहे हे खरं पण म्हणीला सूट आहे असं कुठे लिहिलेलं नाही.

नाव न घेण्याबद्दल: सात जणांची कमिटी, त्यातले चेक सही करणारे तीन, मग नाव घ्यायची गरजच काय. संस्थेची किंवा माणसांच्या गटाचीही बदनामी होते असं कलमातच आहे, फक्त गट ओळखता आला पाहिजे. "सगळे पुढारी चोर" म्हणलं तर कोण कुठला पुढारी कोर्टात जाणार, पण "आमची कमिटी" म्हणलं की झालं. (सगळे पुढारी वगैरेही आता जपूनच म्हणा. २०१९ मध्ये कर्नाटकात कोलारच्या सभेत एका आडनावावरून राहुल गांधी बोलले त्याची केस सुरतला चालली, मार्च २०२३ ला दोन वर्षांची शिक्षा म्हणजे पूर्ण कमाल, खासदारकी गेली, मग ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली.)

तर मग मी मेलोच का. नाही. कलमाखाली दहा अपवाद आहेत आणि खरा कायदा तिथे आहे असं मामा म्हणतात. लोकांना एकच माहीत असतो, "खरं बोललो तर बदनामी कशी". फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, खरं पाहिजे आणि ते सांगणं लोकहिताचं पाहिजे, दोन्ही. दिवाणी दाव्यात मात्र खरं ठरलं की सुटलात. माझ्या कामाचे दोन निघाले. एक, स्वतःचं किंवा दुसऱ्यांचं हित जपण्यासाठी सद्भावनेने केलेला आरोप. मी मेंटेनन्स भरतो, पैसा माझाही आहे, ग्रुपवर फक्त सभासद आहेत, बाहेरचं कोणी नाही, हे माझ्या बाजूने. दुसरा, ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार. म्हणजे हीच गोष्ट मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी दिली असती तर या अपवादाची छत्री डोक्यावर होती. ग्रुपवर टाकलं, छत्री घरी विसरलो.

आणि सद्भावना म्हणजे मन साफ असणं नाही हो. कायद्यात सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन केलेली गोष्ट. तू विचारपूस केली होतीस का, मामांनी विचारलं. इथे मला माझ्या बायकोचे आभार मानायचेत, जाहीर, कारण जून आणि जुलैत दोनदा तिनेच मला सोसायटीच्या ऑफिसात अर्ज द्यायला लावला होता की महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासद म्हणून कोटेशन आणि बिलाच्या प्रती द्या, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोचचा शिक्का घ्यायला लावला होता. मला तेव्हा ते अति वाटलं होतं. तो निळा गोल शिक्का, अर्धवट उमटलेला, मामांनी उजेडाला धरून बघितला आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर बरं काहीतरी दिसलं. दोनदा लेखी मागितलं, उत्तर नाही, मग रागावून लिहिलं, याला काहीतरी अर्थ आहे. फक्त लक्षात ठेव, म्हणाले, अपवाद सिद्ध करायची जबाबदारी तुझी, त्यांची नाही.

घरी येऊन मी आठवडाभर हेच वाचत बसलो, ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये, परत येताना ट्रेनमध्ये. मला आधी वाटायचं की बदनामीचा कायदा म्हणजे निकालाची भीती. तसं नाहीये. भीती तारखांची आहे. मेधा पाटकरांची केस बघा, नोव्हेंबर २००० मधल्या एका प्रेस नोटवरून, तक्रार करणारे व्ही. के. सक्सेना पुढे दिल्लीचे नायब राज्यपाल झाले तरी केस चालूच, २०२४ ला दोषी ठरवलं, पाच महिन्यांची शिक्षा, मग अपिलात जेलऐवजी प्रोबेशन, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धी कायम ठेवली पण दंड काढून टाकला. एक प्रेस नोट, पंचवीस वर्षं. किंवा आपल्या भिवंडीतली, २०१४ च्या प्रचारसभेतल्या भाषणावरून राहुल गांधींवर संघाच्या स्थानिक कार्यकर्त्याने केलेली. २०१८ ला गुन्हा कबूल नाही म्हणून सांगून झालं, मग कुठले कागद पुरावा म्हणून घ्यायचे यावरून हायकोर्टात, दहा वर्षं अशीच गेली. पक्ष कुठलाही असू द्या, मला फक्त ते वेळेचं गणित दिसतं. त्यांच्याकडे वकिलांची फौज असते, माझ्याकडे मामा आहेत आणि वर्षाच्या मोजून सात कॅज्युअल लीव्ह.

जुन्या काळी निदान लवकर निकाल लागायचा असं म्हणावं तर १८८२ ला कोल्हापूरच्या दिवाणांच्या, बर्व्यांच्या, अब्रुनुकसानीत टिळक आणि आगरकर दोघंही डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवस. ज्या पत्रांवर विसंबून छापलं ती बनावट निघाली, माफी मागितली तरी शिक्षा झाली. शाळेत आपल्याला हे अभिमानाने शिकवतात आणि शिकवावंच, पण मामा वकिलासारखं बघतात: "पत्र खरं आहे का ते आधी तपासायला हवं होतं, हाच धडा." तेही बरोबर. आणि पैशांचं म्हणाल तर १८६२ च्या मुंबईच्या त्या गाजलेल्या महाराज लायबल, म्हणजे छापील बदनामीच्या, केसमध्ये एका वैष्णव महाराजांनी पत्रकार करसनदास मुळजींकडून पन्नास हजार मागितले होते, आणि दावा हरले. आमचे सेक्रेटरी पन्नास लाख मागतायत. मी मामांना विचारलं हा आकडा काढतात कसा. ते म्हणाले नोटिशीत आकडा टाकायला फी लागत नाही, दावा दाखल करताना कोर्ट फी भरायला लागते, तेव्हा बघ अब्रू किती स्वस्त होते ते.

माझं स्पष्ट मत विचाराल तर दिवाणी दावा राहू द्या, खरोखर एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त करणारे लोक आहेत, त्यांच्याकडून भरपाई घ्या. पण जेल कशाला? २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने फौजदारी अब्रुनुकसानी घटनात्मक आहे म्हणून सांगितलं, प्रतिष्ठा हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे म्हणे. प्रतिष्ठा हक्क आहे हे मला शंभर टक्के पटतं. पण त्यासाठी दुसऱ्याला आत टाकायचं हे नाही पटत. ज्या इंग्रजांनी आपल्याला हे घड्याळचोरीचं कलम दिलं त्यांनी स्वतःकडचं गुन्हेगारी लायबल २००९ च्या कायद्याने काढून टाकलं, श्रीलंकेने तर २००२ लाच. सप्टेंबर २०२५ मध्ये एका न्यूज वेबसाइटच्या केसमध्ये न्यायमूर्ती सुंदरेश सुनावणीत बोलता बोलता म्हणाले की हे सगळं गुन्ह्याच्या यादीतून काढायची वेळ आली आहे. पण ते तोंडी, निकालात नाही, लोकांनी लगेच स्टेटस ठेवले "कायदा गेला" म्हणून. गेला नाहीये. माझ्या फ्रीजवर आहे.

चांगलं काही होतच नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये माजी मंत्री एम. जे. अकबर यांनी लैंगिक छळाच्या आरोपावरून केलेल्या तक्रारीतून पत्रकार प्रिया रमाणी निर्दोष सुटल्या, दिल्लीच्या मॅजिस्ट्रेटने लिहिलं की बाईच्या जगण्याच्या आणि सन्मानाच्या हक्काची किंमत देऊन प्रतिष्ठा राखता येणार नाही, आणि ती दशकांनंतरही बोलू शकते. बघा म्हणजे प्रतिष्ठेच्या समोर दुसरा हक्क ठेवून मोजलं. मार्च २०२४ ला ब्लूमबर्ग आणि झीच्या भांडणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खटला चालायच्या आधीच लेख काढून टाकायचा हुकूम देणं म्हणजे त्या लेखाला आधीच फाशी देण्यासारखं आहे, फार अपवादाने द्या. आणि मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढींच्या कवितेचा निकाल, तो बदनामीचा नाही, द्वेष पसरवल्याच्या गुन्ह्याचा, पण त्यात म्हणलंय की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने मोजायचा, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या कच्च्या मनाच्या माणसाच्या नाही. तो लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक आपल्या ठाण्याचे, १९८३ ला इथल्याच जिल्हा कोर्टात वडिलांच्या चेंबरमध्ये वकिलीला सुरुवात केलेली. मामा त्यांचं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसतात.

या सगळ्यात ग्रुपचा ॲडमिन, तिसऱ्या मजल्यावरचे काका, इतके घाबरले की नोटिशीची बातमी कळल्या कळल्या त्यांनी ग्रुप "ओन्ली ॲडमिन" करून टाकला. मग पाणी कधी जाणार हेसुद्धा कोणाला विचारता येईना, टँकरचा दिवस सगळ्यांनी लिफ्टमध्ये विचारून घेतला. त्यांना मी सांगितलं की हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे, सभासदाने टाकलेल्या मेसेजला ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही, आधीपासून संगनमत असल्याशिवाय. काका म्हणाले निकाल नागपूरचा आहे, आपण ठाण्यात आहोत. हायकोर्ट एकच आहे हे समजवायला दोन चहा लागले.

आणि कोणी म्हणेल सोसायटीच्या भांडणात काय एवढं, तर नवी मुंबईतल्या सीवूड्सचं बघा. भटक्या कुत्र्यांवरून एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये वाद, प्रकरण हायकोर्टात, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथे संचालक राहिलेल्या एका बाईंनी रहिवाशांना पत्रक पाठवलं ज्यात न्यायव्यवस्थेतल्या "डॉग माफिया"बद्दल लिहिलं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, एप्रिलमध्ये एक आठवडा कैद आणि २ हजार दंड. डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने माफी मान्य करून शिक्षा माफ केली. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात ते हेच असावं. अर्थात तो कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी नाही, तिथे तर हे दहा अपवादही नाहीत. पण मेसेजचा जन्म तोच, रात्रीचा राग आणि सगळ्यांना सेंड. महापालिकेचं मात्र उलट आहे, १९९४ च्या ऑटो शंकर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की सरकार किंवा स्थानिक संस्था स्वतःची बदनामी झाली म्हणून नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही. तेव्हा घोडबंदरच्या खड्ड्यांवर महापालिकेला मनसोक्त बोला. फक्त एखाद्या इंजिनियरने पैसे खाल्ले असं नाव घेऊन म्हणू नका, तो माणूस आहे, त्याला अब्रू आहे.

शेवटी काय केलं विचाराल. मामांनी दीड पानाचं उत्तर पाठवलं. त्यात माफी नाही. त्यात लिहिलं की माझ्या अशिलाचा हेतू बिलाची माहिती मागण्याचा होता, खिशाबद्दलच्या वाक्यातून कुठल्याही व्यक्तीने पैसे घेतले असं त्यांना म्हणायचं नाही, आणि जून-जुलैच्या दोन अर्जांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत ज्यांचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. मला ते खिशाचं वाक्य मागे घ्यायचं नव्हतं खरं सांगू तर, थोडा वाद झाला आमचा. मामा म्हणाले तुझ्याकडे पुरावा आहे का कोणी पैसे घेतल्याचा? नव्हता. अजून नाही. फक्त बादली आहे. मग गप्प सही केली. त्याच दिवशी उपनिबंधकांकडे तक्रारही दिली, तिथे आवक नंबर घेतला, शिक्का यावेळी पूर्ण उमटलाय.

फीचं विचारलं तर मामा म्हणाले दिवाळीचा फराळ आण. नेला.

चार महिने झाले, तिकडून काही नाही. पोलीस येणार नाहीत, गुन्हा अदखलपात्र आहे, त्यांना थेट मॅजिस्ट्रेटकडेच जावं लागेल, आणि नवीन कायद्यात दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटने माझं म्हणणं ऐकायला लागतं. दिवाणी दाव्याला मेसेज टाकल्यापासून एक वर्ष, फौजदारीला तीन. कोटेशनही आलेली नाहीत. सेक्रेटरी परवा लिफ्टमध्ये भेटले, सातव्या मजल्यापर्यंत दोघंही वर आकडे बघत होतो, मग ते म्हणाले गळती थांबली का हो, मी म्हणलं पाऊस थांबलाय.

कालनिर्णयवर १९ ऑगस्टला मी पेन्सिलने गोल केलाय. बायकोने विचारलं काय आहे त्या दिवशी. म्हणलं एक लाइन बंद होते, दुसरी चालू राहते. ती म्हणाली दुधाचा खाडा त्याच्याच बाजूला लिहिलाय, खोडू नकोस.